शेळीचं तोंड जिथे पोचत नाही

पुरंदर किंवा शिवनेरीच्या कड्याखालून पावसाळा सरता सरता जाणं झालं, तर मान वर करून बघा. काळ्या कातळाच्या फटीत निवडुंगाचं बेट असतं. त्याच्या आडोशाने बोटभर जाडीची, रसाने टंच अशी खोडं खाली लोंबत असतात आणि त्यांवर रुपयाएवढी किरमिजी चांदणी उमललेली दिसते, मध्ये पिवळसर डाग. हीच शिंदळ माकुडी. नावातला पहिला शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही, पण गावकऱ्यांनी ठेवलंय खरं.

साहेबांनी मात्र सभ्य नाव दिलं. 1860च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' म्हटलं. नव्या वर्गीकरणात ती 'बाउसेरोशिया फ्रेराय' झाली आहे. साऱ्या जगात ती रानात सापडते ती फक्त आपल्या सह्याद्रीत, पुणे-सातारा-नगरकडच्या मोजक्या कड्यांवर. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने एकेकाळी जगातल्या 12 अतिसंकटग्रस्त वनस्पतींत तिला धरलं होतं.

कातळावर माती चिमूटभर, आणि दिवाळीनंतर पाण्याचा थेंब नाही. मग ही जगते कशी? तिच्या जवळच्या भाईबंदांना नावापुरतीच पानं असतात, हिला चांगली मांसल पानं येतात. जर्मन संशोधकांनी 1977 साली दाखवून दिलं की तिची पानं आणि खोड दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी अन्न तयार करतात. पानं सर्वसाधारण झाडांसारखी, दिवसा रंध्रं, म्हणजे हवा आतबाहेर करणारी बारीक छिद्रं, उघडून. पावसाळ्यात पाण्याची ददात नसते, तेव्हा हे परवडतं. उन्हाळा लागला की पानं गळतात आणि कारभार खोडाकडे येतो. नळाला रात्रीच पाणी येणाऱ्या घरात पिंप भरून दिवसभर पुरवतात ना, तसं खोड रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा रंध्रं मिटून तोच वापरतं. पाणी उडून जात नाही.

एवढी चिवट वनस्पती दुर्मीळ का? पुष्कळदा उत्तर दिलं जातं की तिला कडाच लागतो. मला ते पटत नाही. तिचा तुकडा कुंडीतल्या भुसभुशीत मातीत खोचला तरी मुळं धरतो, गच्चीवर सुखाने फुलतो. जनावरं तिला आवडीने खातात, वणवेही लागतात. त्यामुळे आज ती जिथे दिसते, ती तिची आवडीची जागा असेलच असं नाही, उरलेली जागा असावी. निवडुंगाचे काटेही तिला राखतात.

तुकड्यांनी कुंड्या वाढतात, पण एका झाडाचे शंभर तुकडे म्हणजे झाड एकच. नवं रोप बियांतून येतं. त्यासाठी फुलाच्या मंद कुबट वासाला भुलून माशी यावी लागते. मग शेंगांची जोडी धरते, ती तडकली की रुईसारखी म्हातारी उडते, आणि वारा तिला नेईल तिथे एखादी ओली फट असावी लागते.