नागपूरच्या तलावांवर ड्रोन उडवायचा आहे? वजन, झोन, नोंदणी आणि ड्रोन बुडाला तर काय

ड्रोनचे नियम देशभर एकच आहेत: २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेले ‘ड्रोन नियम, २०२१’ आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या. पाण्यावर उडवण्यासाठी वेगळा अर्ज किंवा वेगळा परवाना नाही. पण मैदानात पडलेला ड्रोन उचलून आणता येतो. तलावात पडला तर तो एकतर कायमचा जातो किंवा हाती आला तरी आतले भाग बदलावे लागतात. या दोन्ही गोष्टी सरकारला कळवाव्या लागतात. त्यामुळे ज्याला तलावावर उडवायचं आहे त्याने कागद आधीच नीट करून ठेवलेले बरे.

सुरुवात वजनकाट्यापासून

नियम कोणते लागू होतील हे किमतीवर नाही, वजनावर ठरतं. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. त्यावरच्या वर्गांशी आपल्याला कर्तव्य नाही. वजन धरायचं ते उडताना जे काही अंगावर असेल त्या सगळ्यासकट.

पाण्यावर उडवणाऱ्यांची गफलत नेमकी इथेच होते. डीजेआय मिनी मालिकेतले ड्रोन २४९ ग्रॅमचे, म्हणजे नॅनोच्या हद्दीला अगदी चिकटून. तलावावर जायचं म्हणून त्याला तरंगण्यासाठी फोमचे फ्लोट लावले, लांब पाय लावले किंवा जास्त क्षमतेची मोठी बॅटरी टाकली, की तो मायक्रो झाला. मायक्रो झाला म्हणजे थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) सक्तीचा. त्या ड्रोनने पैसे घेऊन शूटिंग करत असाल तर रिमोट पायलट प्रमाणपत्रही लागतं. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ड्रोन, बॅटरी, कार्ड, फिल्टर, फ्लोट असं सगळं एकत्र ठेवून वजन करा आणि त्याचा फोटो जपून ठेवा. पोलिसांनी किंवा विमा कंपनीने विचारलं तर तो कामी येतो.

नॅनो उडवायला प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडवायलाही लागत नाही. २ किलोपर्यंतच्या बिगरव्यावसायिक वापराला ती सूट २०२१ च्या मूळ नियमांतच आहे. पण लग्नाआधीचं शूटिंग, रिसॉर्टची जाहिरात, युट्यूबवरचं पैसे घेऊन केलेलं काम हे सगळं व्यावसायिक. त्यासाठी मायक्रो ड्रोन वापरला तर उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं आणि ड्रोनलाही टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल मान्य असल्याचा दाखला, हवं. हौसेच्या मॉडेल ड्रोनला आणि नॅनोला टाइप सर्टिफिकेट माफ आहे, धंद्यातल्या मायक्रोला नाही. शहरातले कितीतरी फोटोग्राफर या एका मुद्द्यावर नियमाबाहेर आहेत, आणि ‘सगळेच उडवतात’ हे उत्तर पोलिस ठाण्यात चालत नाही.

कोणत्या तलावावर परवानगीशिवाय चालतं?

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर देशाचा हवाई नकाशा आहे, तो बघायला लॉगइन लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ५ किमीच्या आत लाल झोन: केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. ५ ते ८ किमीमध्ये जमिनीपासूनच पिवळा झोन, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत (६० मीटर) हिरवा, म्हणजे हवाई परवानगी न लागणारा, त्यावर पिवळा. १२ किमीच्या पुढे ४०० फुटांपर्यंत (१२० मीटर) हिरवा. लष्करी आणि संवेदनशील ठिकाणं या हिशेबाच्या वर.

आता हे नागपूरवर बसवून पाहा. सोनेगाव तलाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाला लागूनच, त्यामुळे तिथे उडवण्याचा प्रश्नच नाही. अंबाझरीही सरळ रेषेत ५ किमीच्या आत येतो. फुटाळा या ५ किमीच्या हद्दीच्या आसपास पडतो, आणि जवळच हवाई दलाचं वायुसेनानगर आहे. तिथे अंदाजाने उडवणं म्हणजे त्रास ओढवून घेणं. गोरेवाडा विमानतळापासून लांब असला तरी शेजारी प्राणिसंग्रहालय आणि जंगल आहे. कामठीकडे लष्करी छावणी आहे. शहराच्या बाहेर रामटेकजवळचा खिंडसी हा सगळ्यांत सोयीचा पर्याय. तोतलाडोह आणि पेंचचा परिसर व्याघ्र प्रकल्पाचा आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन बॅगेतूनच काढू नका.

नकाशा बदलत राहतो. पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचे अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल झोन करू शकतात. हिवाळी अधिवेशन, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, मोठ्या नेत्यांचे दौरे अशा दिवसांत पोलिस आयुक्तालयाचे वेगळे मनाई आदेशही निघू शकतात, ते पोर्टलवर दिसतीलच असं नाही. ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये इशारा आला नाही म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ तर मुळीच नाही. तो नकाशा कंपनीचा असतो, डीजीसीएचा (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नाही. उड्डाणाआधी पोर्टल तपासणं ही नियमाने उडवणाऱ्याची जबाबदारी आहे.

नोंदणी: युआयएन कसा काढायचा

नॅनोला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक ड्रोनला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे युआयएन, हवा. अर्ज ‘डी-२’ नमुन्यात ऑनलाइन भरायचा, शुल्क १०० रुपये. नोंदणीच्या सेवा आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर गेल्या आहेत, नकाशा डिजिटल स्कायवर पाहायचा.

अर्जात मालकाची ओळख आणि पत्ता, मोबाइल, ईमेल, ड्रोनचा मेक, मॉडेल, वजन आणि वर्ग भरायचे. लागू असेल तर टाइप सर्टिफिकेटचा क्रमांकही. सगळ्यांत नाजूक भाग तीन सिरीयल नंबरांचा: ड्रोनचा, त्यातल्या फ्लाइट कंट्रोल मॉड्युलचा (उड्डाण सांभाळणाऱ्या आतल्या भागाचा) आणि रिमोटचा. युआयएन या तिन्हींशी जोडला जातो. ड्रोनचा नंबर बहुधा बॅटरीच्या खोबणीत स्टिकरवर असतो. डीजेआयच्या अ‍ॅपमध्ये ‘अबाउट’ या पानावर तिन्ही दिसतात. शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत होते, म्हणून हाताने टाइप करू नका, कॉपी करून चिकटवा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. ड्रोन तळाशी गेल्यावर स्टिकर वाचता येणार नाही.

खरेदीचं जीएसटी बिल जवळ ठेवा. तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा परदेशी ड्रोन नोंदवताना अडचण येते. ती अडचण विक्रेता सोडवत नाही.

प्रमाणपत्र लागणाऱ्यांसाठी: वय १८ ते ६५, किमान दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएमान्य प्रशिक्षण संस्थेचं प्रशिक्षण. पासपोर्टची सक्ती सप्टेंबर २०२३ मध्ये गेली. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना चालतो. प्रमाणपत्राची मुदत १० वर्षं.

तलावाच्या मालकाचं पत्र

हवेची परवानगी आणि जागेची परवानगी वेगळी. धरण किंवा सिंचन तलाव असेल तर पाटबंधारे खात्याच्या संबंधित उपविभागीय अभियंत्याकडे अर्ज द्या, शहरातल्या तलावासाठी महापालिका किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे ती संस्था. एकाच पानावर पुढचं सगळं बसवा: युआयएन, मॉडेल, वजन, उडवणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्र, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, जास्तीत जास्त उंची, त्रिज्या, चित्रीकरणाचा हेतू. सोबत विम्याची प्रत. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलिस ठाण्यात देऊन पोच घ्या. ‘खिंडसी परिसरात’ असं मोघम लिहिलं की अर्ज परत येतो किंवा नुसता पडून राहतो. काठावरची उड्डाणाची जागा नकाशावर खूण करून जोडली की टेबलावरचा माणूस लवकर सही करतो.

पाणी ड्रोनला कसं फसवतं

पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरचे दगड, गवत, भेगा ओळखून ड्रोनला जागच्या जागी धरतो. शांत पाण्यात त्याला धरायला काही मिळत नाही. लाटा असल्या तर उलटंच होतं: लाट सरकते, कॅमेऱ्याला वाटतं आपणच सरकतोय, आणि ड्रोन लाटेबरोबर वाहत जातो. खालचा अंतरमापक सेन्सरही चकाकणाऱ्या पाण्यावर चुकीचं अंतर सांगतो. म्हणून पाण्यापासून ५ मीटरच्या खाली उतरू नका. पाण्याला टेकेल इतका खालचा शॉट हवाच असेल तर तो काठालगत, कमी वेगात घ्या.

उंचीचा आकडा उड्डाणाच्या जागेपासून मोजला जातो, पाण्यापासून नाही. धरणाच्या भिंतीवरून उडवलात आणि पाणी १५ मीटर खाली असेल, तर पडद्यावर शून्य दिसताना ड्रोन पाण्याच्या १५ मीटर वर असतो आणि उणे १४ दिसतं तेव्हा जेमतेम एक मीटर. भिंतीतल्या सळयांनी आणि लोखंडी बोटीने कंपासही बिघडतो. काठावरच्या मोकळ्या मातीवरून उडवा.

बोटीतून उडवायचं असेल तर होम पॉइंट (ड्रोन आपोआप परत येतो ती जागा) ड्रोनच्या जागेऐवजी रिमोटच्या जागेवर ठेवा आणि बोट हलली की पुन्हा अपडेट करा. नाहीतर बॅटरी संपत आली की ड्रोन शिस्तीत परत येतो, बोट जिथे होती तिथे, आणि पाण्यात उतरतो.

मिनीसारख्या ड्रोनची वाऱ्याशी झुंजायची क्षमता १०.७ मीटर प्रति सेकंदापर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ३८ किमी. मोकळ्या जलाशयावर वरच्या थरात वारा याहून जोरात असू शकतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा साथ देतो. वारा उलटा लागलाच तर उंची कमी करून परता आणि बॅटरी ५० टक्क्यांवर आली की परतीला लागा. उन्हाळ्यात वेगळीच अडचण: या ड्रोनची वापराची तापमानमर्यादा ४० अंश, आणि मे महिन्यात नागपूरची दुपार ती सहज ओलांडते. पहाटेच उडवा. घार मागे लागली तर आडवं पळवू नका, सरळ वर न्या, झोनची मर्यादा सांभाळून.

पडलाच तर

अ‍ॅपमधलं ड्रोन शोधायचं पान उघडून शेवटचे अक्षांश-रेखांश लगेच टिपून घ्या. स्वतः पाण्यात उतरू नका, गाळ आणि पाणवनस्पती दोन्ही दगा देतात. तलावावर जाळी टाकणाऱ्या मासेमारांना जागा दाखवा. ड्रोन हाती आला की बॅटरी काढा. ती पुन्हा चार्ज करू नका, घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा. ड्रोन स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळेपर्यंत चालू करू नका. कार्डमधली चित्रं बहुतेकदा वाचतात.

दुरुस्तीत फ्लाइट कंट्रोल मॉड्युल किंवा रिमोट बदललं, तर नवा सिरीयल नंबर ७ दिवसांत पोर्टलवर चढवायचा. ड्रोन कायमचा गेला किंवा दुरुस्तीपलीकडे गेला, तर ‘डी-३’ नमुन्यात नोंदणी रद्द करायचा अर्ज, शुल्क १०० रुपये. हा अर्ज बहुतेक जण करत नाहीत. पुढे तो ड्रोन दुसऱ्या कुणाला सापडून वापरला गेला तर युआयएन तुमच्या नावावरच असतो. अपघात झाला तर ४८ तासांत पोर्टलवर कळवावं लागतं, आणि नियमभंगाचा दंड १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

थर्ड पार्टी विम्यातून बुडालेल्या ड्रोनचे पैसे मिळत नाहीत. त्यातून फक्त दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरलं जातं. ड्रोनची भरपाई हवी असेल तर हल कव्हर, म्हणजे खुद्द ड्रोनचा विमा, वेगळं घ्यावं लागतं, आणि सही करण्याआधी पॉलिसीत पाण्यावरच्या उड्डाणाबद्दल काय लिहिलंय ते वाचा.