गृहाधारित नवजात बाळसेवा

बाळंतीण व नवजात बाळ यांची जन्मापासून ४२ दिवसांपर्यंत घरी जाऊन घेतली जाणारी काळजी. आशा स्वयंसेविका, आरोग्यसेविका व अंगणवाडीसेविका ती मिळून घेतात; भेटींचा भार आशांवर असतो.

उगमाविषयी दोन मते आहेत. गावातल्याच बाईला आरोग्यकार्यकर्ती म्हणून तयार करण्याचे श्रेय रजनीकांत व मेबल आरोळे यांच्या जामखेड प्रकल्पाला (१९७०) दिले जाते. मात्र नवजात बाळाच्या आजारावर घरीच उपचार करण्याची पद्धत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत पारखली. त्यामुळे आजच्या सेवेचे मूळ तेथे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तिथल्या आरोग्यदूत (प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच स्त्रिया) सुईणीसोबत बाळंतपणाला हजर राहत आणि जंतुदोष झाल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही घट इंजेक्शनमुळे, की ऊब, स्तनपान व वारंवार भेटी यांच्या एकत्रित परिणामामुळे, यावर वाद आहे. या सेवेच्या २०११ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशांच्या हाती इंजेक्शन दिलेले नाही; तेव्हा गडचिरोलीचा आकडा त्याला जसाच्या तसा लावू नये.

दवाखान्यातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट असते. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते.

वजन घेताना रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणतात, मग बाळ ठेवतात. हे विसरल्यास झोळीचे वजन बाळाच्या नावावर चढते आणि कमी वजनाचे, म्हणजे २,५०० ग्रॅमखालचे, बाळ नजरेतून सुटते. श्वास बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजतात. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेला आकडा फसवा निघतो. ६० किंवा अधिक आल्यास पुन्हा मोजावे. तेवढाच आला, छातीला खड्डा पडत असला, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले किंवा बाळाने दूध ओढणे सोडले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दवाखान्यात पाठवतात.

पहिलटकरीण बहुधा माहेरी बाळंत होते. नोंद सासरच्या आशाकडे आणि बाळ माहेरच्या गावात, असे झाले की दोघींनाही ते आपल्या यादीतले वाटत नाही. यावर उपाय साधा आहे : सातव्या-आठव्या महिन्यातच बाळंतपणाचे गाव विचारून तिथल्या आशाला फोन करणे.