आयव्हर्सन किती मोठा? आधी भागाकार करू

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०००-०१च्या हंगामात फिलाडेल्फिया संघाच्या ॲलन आयव्हर्सनने सामन्यामागे ३१.१ गुण काढले. सहा फुटी गार्ड, कारकिर्दीत चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक सरासरी, त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू. एवढ्यावर त्याला सर्वकालीन पहिल्या दहांत बसवायचा मोह होतो. पण ते गुण काढायला संधी किती खर्ची पडल्या?

हे मोजायचं माप म्हणजे ट्रू शूटिंग. घेतलेल्या शॉटांत फ्री थ्रोंच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या, एकेका गुणाच्या मोकळ्या फेकींच्या) संख्येची ०.४४ पट मिळवायची. झाल्या खर्चलेल्या संधी. एकूण गुणांना त्यांच्या दुपटीने भागायचं. ०.४४ का, सरळ अर्धा का नाही? दोन फ्री थ्रोंमागे एक संधी जाते हे खरं, पण बास्केट होऊन वर मिळालेला किंवा टेक्निकल फाउलचा (गैरवर्तन वगैरेंबद्दलच्या दंडाचा) फ्री थ्रो वेगळी संधी खात नाही. साध्या फील्ड गोल टक्केवारीवर, म्हणजे शंभरातले किती शॉट पडले यावर, विसंबणारे मात्र फसतात. तिच्या लेखी तीन गुणांचा शॉट आणि दोन गुणांचा शॉट सारखाच, आणि फ्री थ्रो तर खिजगणतीतही नाहीत.

आता आयव्हर्सनचा हिशेब. ७१ सामने, १,८१३ शॉट, ७१९ फ्री थ्रो, २,२०७ गुण. संधी सुमारे २,१२९, म्हणजे ट्रू शूटिंग ५१.८ टक्के. गंमत अशी, की त्या वर्षी लीगची सरासरीही जवळपास तेवढीच होती. तितक्याच संधींत लीगच्या सरासरीने गुण काढले, तरी बेरीज तीच आली असती!

याच रीतीने मायकल जॉर्डनचा १९८६-८७चा हंगाम (३,०४१ गुण) त्या वर्षीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३० गुणांनी वर जातो, जेम्स हार्डनचा २०१८-१९चा सुमारे २५० गुणांनी आणि स्टेफन करीचा २०१५-१६चा साडेचारशेच्या घरात. तुलना ज्याच्या त्याच्या वर्षाशीच करायची, कारण खेळाचा वेग आणि नियम बदलत राहतात. जॉर्डनच्या त्या हंगामात संघाला ४८ मिनिटांत सरासरी शंभरेक वेळा चेंडू मिळे, आयव्हर्सनच्या वेळी ९१च्या आसपास.

मग आयव्हर्सन सामान्य? मुळीच नाही. या सूत्रात एक गृहीतक दडलेलं आहे: त्याने न घेतलेला शॉट दुसऱ्या कुणीतरी लीगच्या सरासरीने घेतला असता. त्या संघात असं कोण होतं? डिकेंबे मुटोम्बो, एरिक स्नो, जॉर्ज लिंच हे सगळे मुख्यतः बचावाचे गडी. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी संघच तसा बांधला होता: चौघांनी बचाव सांभाळायचा, वेळ संपत आली की चेंडू आयव्हर्सनकडे. सामन्यामागे साडेपंचवीस शॉट, त्यातले बरेच अवघड, आणि तरीही लीगची सरासरी राखली, हे काम हलकं नाही. फिलाडेल्फियाने ५६ सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. तिथल्या पहिल्या सामन्यात त्याने ४१ शॉट घेऊन ४८ गुण काढले. समोरच्या लेकर्स संघाचा त्या प्लेऑफमधला (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतला) तो एकमेव पराभव.

म्हणून आमच्या मते पहिल्या दहांत नाही, पण पहिल्या पन्नासांत नक्की. नियमांच्या बदलाची खूण त्याच्या आकड्यांतही दिसते: २००४-०५पासून पंचांनी हात लावून अडवण्यावर कडक नजर ठेवली, आणि २००५-०६मध्ये त्याची सरासरी ३३.० वर गेली. ट्रू शूटिंगही ५४.३, लीगच्या किंचित वर. त्या वर्षी फिलाडेल्फियाचे विजय ३८, आणि प्लेऑफ हुकली.