तंटा मिटला, सातबारा मात्र तसाच: तंटामुक्त समितीकडे अर्ज करण्याआधी

गावातले तंटे गावातच समजुतीने मिटवण्याची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली. त्यासाठीची तंटामुक्त समिती ग्रामसभेतून निवडली जाते आणि तिच्याकडे तंटा नेणं सोपं आहे. साध्या कागदावर दोन्ही बाजूंची नावं, वाद कशाचा, कधीपासून, आणि पोलिसांत किंवा कोर्टात काही चालू असेल तर त्याचा नंबर एवढं लिहून द्यायचं. आधार आणि सातबाऱ्याची प्रत जोडायची.

खरी अडचण तंटा मिटल्यावर येते. बांधाचा वाद मिटतो, स्टॅम्प पेपरवर तडजोडनामा होतो, फोटो निघतात. मग तलाठी म्हणतो, यावर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीत बदल, होत नाही. तो अडवणूक करतोय असं वाटतं, पण इथे तो बरोबर असतो. समिती म्हणजे कोर्ट नव्हे. जमिनीची वाटणी सातबाऱ्यावर आणायची तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज लागतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र. दोन्हीकडे सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात.

घोडं अडतं ते इथेच. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, तरी वारसनोंद केलेली नसते. दोघे भाऊ सह्या करतात आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींना कुणी विचारतच नाही. त्यामुळे आधी वारसनोंद, मग बहिणींशी बोलणं, आणि समितीपुढे बसणं त्यानंतर. हा क्रम उलटला की पुन्हा पहिल्यापासून.

दावा कोर्टात चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत ठेवा. दावा नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करता येतो. लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यातली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही म्हणूनच सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा. 'नंतर बघू' तिथे चालत नाही.

मुदतीचा गैरसमज तर घातकच. समितीत अर्ज दिला म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. उसनवारीच्या पैशांना साधारण 3 वर्षं मिळतात, आणि 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणता म्हणता ती निघून जातात. समोरच्याकडून देणं कबूल असल्याचं मुदतीच्या आत लिहून, सही-तारखेसह घ्या. त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात.

बलात्कार, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार) किंवा ॲट्रॉसिटीचं (अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार) प्रकरण समितीपुढे आणूच नका, आणि कुणी आणायला सांगितलं तर ऐकू नका. ते गुन्हे गावाने मिटवायचे नसतात. तिथे थेट पोलीस ठाणं गाठायचं आणि एफआयआरची प्रत मागून घ्यायची. ती मोफत मिळते.