न्यूमोनियात आधी बदलतो तो श्वास

न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची प्रकृती ढासळू लागली, की त्याची चाहूल बहुधा श्वासाच्या गतीतून लागते, आणि नेमकी हीच नोंद सर्वांत ढिलाईने होते. रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजनचे प्रमाण यंत्र दाखवते. श्वास मात्र छातीकडे पाहत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात, आणि भरलेल्या वॉर्डात तेवढी सवड नसली की कागदावर अंदाजाने १८ किंवा २० असा आकडा पडतो.

निरोगी प्रौढ माणूस विश्रांती घेत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. न्यूमोनियात फुफ्फुसातील वायुकोश द्रवाने आणि पुवाने भरतात व त्या भागातून जाणारे रक्त पुरेसा ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. मानेतील रोहिणीजवळच्या संवेदक पेशी ही घट टिपतात आणि मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाची गती वाढवते. रक्तात आम्ल साचू लागले तरी असेच घडते. या जादा कष्टांच्या जोरावर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा काही काळ ठीकठाक राहू शकतो. म्हणून ९५ हा आकडा एकटा वाचू नये. तो श्वास मिनिटाला १८ असताना आहे की ३२ असताना, आणि नळीतून किती लिटर ऑक्सिजन चालू असताना आहे, हे सोबत पाहिले तरच त्याला अर्थ येतो.

धोक्याचा अंदाज बांधण्यासाठी डॉक्टर ज्या मोजपट्ट्या वापरतात, त्यांपैकी ‘कर्ब-६५’ ही सर्वांत सुटसुटीत आहे. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधील १,०६८ रुग्णांच्या माहितीवरून ती तयार झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्याने आलेला मानसिक गोंधळ, रक्तातील वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब ९०च्या खाली किंवा खालचा ६० वा त्याहून कमी, आणि वय ६५ किंवा अधिक, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक गुण दिला जातो. त्या अभ्यासात शून्य गुण असलेल्या रुग्णांपैकी ३० दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, तर चार गुण असलेल्यांमध्ये ते ४० टक्क्यांच्या आसपास होते. युरियाची मर्यादा आपल्या प्रयोगशाळांच्या एककात सुमारे ४२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येते. अहवालात हा आकडा जेमतेम वाढलेला वाटतो. पण न्यूमोनियाच्या रुग्णात तो शरीरातील पाणी कमी झाल्याचे किंवा मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडत असल्याचे सुचवत असतो.

या मोजपट्टीची एक उणीव मला गंभीर वाटते: तिच्यात ऑक्सिजनच्या पातळीला स्थानच नाही. तिशीतल्या तरुणाचा ऑक्सिजन ८६ वर आला असला तरी त्याला शून्य किंवा एकच गुण मिळू शकतो. वृद्धांच्या बाबतीत फसगत वेगळी होते. त्यांना अनेकदा ताप किंवा खोकला फारसा नसतो. एरवी बोलका असलेला माणूस गप्प होतो, दिवसभर झोपून राहतो, जेवण नाकारतो, घर आणि रुग्णालय यांत गल्लत करतो. हे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नये. त्या माणसाची नेहमीची वागणूक घरच्यांनाच ठाऊक असते, त्यामुळे हा बदल त्यांनी डॉक्टरांना आणि परिचारिकांना आवर्जून सांगितला पाहिजे.

आणखी दोन खुणा वरवर दिलासादायक भासतात. शरीराचे तापमान ३६ अंश सेल्सियसच्या खाली जाणे म्हणजे ताप उतरणे नव्हे, आणि पांढऱ्या पेशी ४,०००च्या खाली असणे म्हणजे जंतुसंसर्ग सौम्य असणे नव्हे. तीव्र न्यूमोनियाच्या निकषांत या दोन्हींचा समावेश आहे.

योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर बहुतेकांची नाडी, ताप आणि श्वास तीन दिवसांच्या आसपास स्थिरावू लागतात. क्ष-किरण चित्र सुधारायला मात्र कित्येक आठवडे लागतात, तेव्हा त्यावरची सावली कायम आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही श्वास २४च्या खाली येत नसेल, तर फुफ्फुसाभोवती पू साचला आहे का, जंतू औषधाला दाद देत नाही का, हे तपासावे लागते. भारतात त्या यादीत क्षयरोगही हवाच, कारण न्यूमोनियासाठी दिलेली लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंनाही थोडे दाबतात, रुग्णाला काही दिवस बरे वाटते आणि निदान लांबते.