लष्करी सिम्युलेशनमधील मुक्तस्रोत मिडलवेअर

रणगाडा, विमान, जहाज, रडार यांचे वेगवेगळ्या संगणकांवर चालणारे सिम्युलेटर एकाच आभासी रणभूमीवर आणायचे, तर त्यांच्यात ठरलेल्या वेळेत संदेश पोचवणारे सॉफ्टवेअर लागते. वर सिम्युलेटरचा प्रोग्राम, खाली ऑपरेटिंग सिस्टिम व नेटवर्क आणि मधे हे, म्हणून मिडलवेअर. त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येत असेल तर ते मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स. रिअल-टाइम या शब्दाचा अर्थ अनेकजण ‘झटपट’ असा घेतात. खरा अर्थ ‘वेळेवर’. उशिरा आलेला बरोबर संदेश इथे चुकीचाच धरावा लागतो.

ठाणे स्थानकात नऊ-दहा नंबरवर उभे राहिले की यातली मूळ कल्पना कानावर पडते. घोषणा करणाऱ्याला फलाटावर कोण आहे हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. पनवेलवाला वाशी गाडीची घोषणा ऐकून जागचा हलत नाही. वाटेतल्या ऐरोलीला उतरणाऱ्याला वाशी, नेरुळ, पनवेल कोणतीही चालते. मिडलवेअरमध्ये घोषणा करणारा पब्लिशर, ऐकणारा सबस्क्राइबर आणि घोषणेचा विषय म्हणजे टॉपिक. नवा रणगाडा सरावात उतरला तरी बाकीच्यांच्या कोडला हात लावावा लागत नाही, ते यामुळेच.

या क्षेत्राची सुरुवात अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने 1983 मध्ये हाती घेतलेल्या सिमनेट प्रकल्पापासून धरतात. शेकडो रणगाडा सिम्युलेटर त्याने एकमेकांना जोडले. त्या अनुभवातून डीआयएस हा संदेशांचा आराखडा तयार झाला आणि 1993 मध्ये तो आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे 1278 हे मानक बनला. डीआयएसमध्ये प्रत्येक वस्तू आपले स्थान, वेग व दिशा सांगणारे पॅकेट पाठवते. हलणारे सुटे भाग वगळता ते 144 बाइटांचे असते. हिशेब करून पाहावा. हजार वस्तूंनी सेकंदाला 60 वेळा ते पाठवले, तर नुसत्या स्थानांसाठी सेकंदाला सुमारे 69 मेगाबिट लागतील. त्या काळचे इथरनेट होते 10 मेगाबिटांचे.

उपाय साधा आणि फार सुंदर आहे. गाडी ऐरोलीहून सुटली की रबाळ्याला उभ्या माणसाला ती दिसत नाही, तरी एव्हाना कुठवर आली असेल हे तो सांगतो. तसेच प्रत्येक संगणक दुसऱ्यांच्या वस्तू शेवटच्या कळलेल्या वेगाने स्वतःच पुढे सरकवत राहतो. रणगाड्याचा मालक-संगणकही तोच अंदाज बांधतो, खऱ्या स्थानाशी ताडून पाहतो आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तरच नवे पॅकेट सोडतो. एरवी दर पाच सेकंदांनी एक, ‘मी आहे’ एवढे कळवायला. एखादे पॅकेट हरवले तर पुढचे चूक दुरुस्त करते. नाविक मंडळी पूर्वी याच रीतीने समुद्रात आपली जागा काढत. म्हणून इंग्रजीतले ‘डेड रेकनिंग’ हेच नाव राहिले.

अंदाज स्थानाला चालतो, क्रमाला चालत नाही. गोळी सुटण्याआधी लागल्याची बातमी पोचली तर सरावाचा निकालच खोटा ठरतो. एचएलए या पुढच्या रचनेने, म्हणजे 2000 साली आलेल्या आयईईई 1516 या मानकाने, काळाची शिस्त आणली. सहभागी प्रोग्रामांच्या समूहाला तिथे फेडरेशन म्हणतात. प्रत्येकजण आरटीआय या मधल्या सॉफ्टवेअरला विचारतो, ‘अमुक वेळेपर्यंत पुढे जाऊ का?’ त्याआधीच्या वेळेचा एकही संदेश आता येणार नाही अशी खात्री झाली की परवानगी मिळते. फ्रान्सच्या ओनेरा संस्थेची सर्टी ही मुक्तस्रोत आरटीआय आहे. तिच्या कोडमध्ये ही परवानगी कशी ठरते ते ओळीओळीने वाचता येते. पोर्टिको हीदेखील याच जातीची.

एचएलएची एक उणीव मात्र स्पष्ट सांगायला हवी. प्रोग्रामने आरटीआयशी कसे बोलायचे हे मानकाने ठरवले. आरटीआयने ते तारेवर कोणत्या बाइटांत पाठवायचे, हे ठरवलेच नाही. परिणामी दोन कंपन्यांच्या आरटीआय एका फेडरेशनमध्ये थेट जोडता येत नाहीत. सिम्युलेटर दशकानुदशके वापरात राहतात. तेवढ्या काळात विक्रेता धंदा बंद करू शकतो. कोड हाती असण्याचे मोल इथे कळते, आणि नोंदलेखकाच्या मते लष्करी सिम्युलेशनमध्ये मुक्तस्रोताची बाजू भक्कम होते ती फुकट मिळण्यापेक्षा या कारणाने.

ओएमजी या सॉफ्टवेअर-मानके ठरवणाऱ्या संघटनेने 2004 मध्ये मान्य केलेल्या डीडीएस या पब्लिशर-सबस्क्राइबर पद्धतीच्या मानकाला पुढे आरटीपीएस या तारेवरच्या नियमांची जोड मिळाली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलू लागली. ओपनडीडीएस, सायक्लोन डीडीएस व फास्ट डीडीएस ही त्याची मुक्तस्रोत रूपे. मधे सर्व्हर लागत नाही. काय हरवले तर चालेल, हे प्रत्येक टॉपिकसाठी आधी ठरवून द्यायचे असते: स्थान सैल, स्फोट खात्रीचा, उशिरा आलेल्यासाठी शेवटचे मूल्य जपायचे की नाही, किती वेळ आवाज नाही आला म्हणजे समोरचा गेला असे धरायचे. डीडीएस वापरणाऱ्याची खरी कारागिरी या निवडींत दिसते. यंत्रमानवांसाठीचे आरओएस 2 याच पायावर उभे असल्याने रोबोटिक्स शिकणारी मुले नकळत डीडीएस हाताळत असतात.

नोंदलेखकाने ऐरोलीत घरच्या वाय-फायवर दोन लॅपटॉप लावून सायक्लोन डीडीएस चालवले, तेव्हा ते एकमेकांना सापडेनात. अख्खी दुपार कोड तपासण्यात गेली. दोष कोडचा नव्हता. डीडीएसचे प्रोग्राम एकमेकांना मल्टिकास्टने, म्हणजे एकदम अनेकांना जाणाऱ्या संदेशाने, हाक मारतात आणि घरचा राउटर ती हाक एका लॅपटॉपवरून दुसऱ्याकडे जाऊ देत नव्हता. जुना नेटवर्क स्विच वापरात आणून दोन केबल लावल्या आणि क्षणात गाठ पडली. वाय-फायच हवे असेल तर समोरच्याचा पत्ता कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हाताने लिहावा लागतो. नेटवर्कवरची पॅकेट उघडून दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्राममध्ये पाहिले की प्रत्येक आरटीपीएस संदेशाच्या तोंडाशी आर, टी, पी, एस ही चार अक्षरे उघड दिसतात. शोध तिथून सुरू करावा.

मिडलवेअर कितीही चोख असले तरी खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमने वेळ पाळली नाही तर इलाज नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला त्यासाठीची प्रीएम्प्ट-आरटी ही सुधारणा अनेक वर्षे वेगळी जोडावी लागे. 2024 मध्ये ती मूळ लिनक्समध्ये आली.

कोड उघडा म्हणजे संदेशही उघडे, ही भीती निराधार आहे. डीडीएसच्या सुरक्षा मानकात सहभागींची ओळख पटवणे, कोणाला कोणता टॉपिक खुला हे ठरवणे आणि संदेश कूटबद्ध करणे यांची सोय आहे. गुप्त ठेवायच्या त्या किल्ल्या, आणि त्या कोडमध्ये नसतात.