गुलगुले, केळ्याचे

पिकलेले केळे कुस्करून त्यात गूळ व कणीक कालवून तुपात किंवा तेलात तळलेला, लिंबाएवढ्या आकाराचा मऊ गोड पदार्थ. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने घरी, दुपारच्या चहाच्या वेळेस केला जातो. ‘केळ्याची भजी’ हे नाव त्याला सैलपणे लावतात, परंतु ते नेमके नाही. भज्यात केळ्याची फोड शाबूत राहते आणि पीठ हे तिचे आवरण असते. गुलगुल्यात केळे पिठात पूर्ण विरलेले असते. गोडी, ओलावा आणि चिकटपणा ही तिन्ही कामे तेच करते. घारग्यांपासूनही (भोपळा-गुळाच्या गोड पुऱ्या) गुलगुले वेगळे धरावेत. घारग्यांचे पीठ घट्ट मळून थापतात, गुलगुल्यांचे सैल असते व ते हातानेच कढईत सोडतात.

व्युत्पत्ती. हा शब्द ‘गूळ’ यावरून आला, असे सर्रास मानले जाते. ‘गुड़ खाए और गुलगुलों से परहेज’ या हिंदी म्हणीतही तोच संबंध गृहीत आहे. ध्वनींच्या दृष्टीने मात्र येथे अडचण येते. मराठीत गुळापासून शब्द घडला असता तर त्यात ‘ळ’ अपेक्षित होता आणि हिंदीत ‘ड़’; दोन्ही भाषांत आढळतो तो ‘ल’. संस्कृतात ‘गुड’ याच अर्थी ‘गुल’ असेही रूप आहे, त्यामुळे गुळाचा पक्ष अगदीच बाद होत नाही. दुसरे मत असे, की हा मऊपणा दाखवणारा द्विरुक्त शब्द आहे. मराठीतील ‘गुलगुलीत’ (मऊ, गुबगुबीत) आणि हिंदीतील ‘गुलगुला’ हे विशेषण या मताला आधार देतात. पदार्थ हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा मऊपणा, आणि गुळाऐवजी साखर घातली तरी नाव बदलत नाही. या दोन्ही गोष्टी पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्राचीनता. गोड पीठ तुपात शिजवण्याची परंपरा वैदिक ‘अपूपा’पर्यंत मागे नेतात. ऋग्वेदात अपूपाचा उल्लेख आहे (३.५२.७), आणि दुसऱ्या एका ऋचेत (१०.४५.९) त्याला ‘घृतवन्तम्’ हे विशेषण लावले आहे. वाद आहे तो या विशेषणाबद्दल. त्याचा अर्थ ‘तुपात तळलेला’ असा घ्यायचा, की भाजून वर तूप चोपडलेला? केवळ शब्दावरून तूप असल्याचे कळते, तळल्याचे कळत नाही. म्हणून अपूप हा आजच्या अर्थाने तळणीचा पदार्थ होता, हे विधान जपूनच करावे लागते. पाणिनीच्या काळी तो परिचित असावा, कारण ‘विभाषा हविरपूपादिभ्यः’ (५.१.४) या सूत्रात अपूप हा एका गणाचा (शब्दांच्या यादीचा) आद्य शब्द म्हणून येतो. हिंदीतील ‘पुआ’ व ‘मालपुआ’ हे शब्द याच शब्दाशी जोडले जातात.

महाराष्ट्रात ही परंपरा वेगळ्या वाटेने टिकली आहे. अधिक मासात तेहतीस अपूपांचे दान सांगितले आहे आणि मराठी घरांत त्या अपूपांच्या जागी अनारसे देतात. म्हणजे मराठी आचाराने अपूप हा तळलेला व गुळाचा पदार्थ मानला. येथे एक लहानशी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अनारशाचे पीठ कोरडे पडले, तर अनेक घरांत त्यात पिकलेल्या केळ्याचा तुकडा मळतात. गुळाच्या तळणात केळे मिसळायची युक्ती आपल्याकडे कुठून आली याचे उत्तर अशा स्वयंपाकघरी सवयींतच शोधणे योग्य ठरेल. घारग्यांचे नाव बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातील ‘घारिका’ या शब्दाशी जुळते. तथापि ती घारिका उडदाची, तेव्हा साम्य नावापुरते समजावे.

चहाशी संबंध. पदार्थ जुना असला, तरी ‘चहाबरोबरचे खाणे’ ही त्याची भूमिका अलीकडची आहे. देशातच चहाचा खप वाढावा म्हणून संघटित प्रचार झाला तो १९०३ च्या चहा उपकर कायद्यानंतर, आणि विशेष जोमाने १९३७ नंतर. मराठी मध्यमवर्गीय घरांत दुपारचा चहा रुळला तो साधारण याच काळात असावा. त्याआधी गुलगुले सणावारी व नैवेद्याला होत. त्या जुन्या भूमिकेची खूण ‘आखाड तळण्या’त दिसते. आषाढात कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुलगुले तळण्याची रीत मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात आजही पाळली जाते. उत्तर भारतात शीतला अष्टमीला आदल्या दिवशी तळलेले गुलगुले थंडच खातात.

केळे. केळ्याची फणी एकदम पिकते. दोन दिवसांत सालीवर काळे ठिपके येतात आणि घरातली माणसे त्या केळ्यांकडे पाहीनाशी होतात. नेमकी हीच केळी गुलगुल्यांना लागतात. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के पिष्ट (स्टार्च) असते. पूर्ण पिकेपर्यंत ते एक-दोन टक्क्यांवर येते आणि त्याची साखर होते. त्यामुळे ठिपके आलेल्या केळ्याला गूळ कमी लागतो आणि वेगळे पाणी जवळजवळ लागतच नाही. बाजारात सहज मिळणारी जळगावची केळी (भौगोलिक मानांकन २०१६) यासाठी चांगली. वसईची वेलची केळी अधिक सुगंधी असतात, पण त्यांना आंबूस चव असल्याने गूळ थोडा वाढवावा. राजेळी केळे मात्र कुस्करण्यापेक्षा फोडी करून तळावे. पिकल्यावरही त्याचा गर घट्ट राहतो.

कृती व तिच्यातील मर्म. दोन मध्यम केळ्यांना साधारण एक वाटी कणीक आणि पाव ते अर्धी वाटी किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, वेलची, आणि आवडीप्रमाणे खसखस किंवा तीळ. गूळ केळ्यातच कुस्करून विरघळू द्यावा, मग कणीक घालावी आणि पीठ वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवावे. तेवढ्या वेळात कणकेतील कोंडा ओलावा पितो. लगेच तळलेले गुलगुले आत पिठूळ लागतात ते हे न केल्यामुळे. पीठ फार फेटू नये, चिवट होते. केळे आणि गूळ दोन्ही किंचित आम्लधर्मी असल्याने चिमूटभर सोड्याला वेगळे दही लागत नाही. सोडा शेवटी, तळणीच्या तोंडावर घालावा.

बहुतेक गुलगुले बिघडतात ते तेलाच्या तापमानामुळे. केळ्यातील फळशर्करा (फ्रुक्टोज) इतर शर्करांपेक्षा लवकर रंग धरते. भज्यांच्या १८० अंश सेल्सिअसच्या तेलात गुलगुला मिनिटभरात काळपट होतो आणि मोडून पाहिला तर मधोमध कच्चे पीठ चकाकते. तेल १६० ते १६५ अंशांवर ठेवावे. घरची परीक्षा सोपी आहे: पिठाचा थेंब तळाशी जाऊन तीन-चार क्षण थांबून वर यावा. ताबडतोब उसळून वर आला तर तेल जास्त तापले आहे.

सोडण्याचे कसब बोटांत असते. बोटे पाण्यात बुडवून चार बोटांवर पीठ घ्यायचे आणि अंगठ्याने पुढे ढकलायचे. पीठ तुटताना त्याला बारीक शेपूट राहते आणि तळल्यावर तीच सर्वांत कुरकुरीत लागते. मुले पहिल्यांदा ती मोडून खातात. पीठ योग्य असेल तर खालची बाजू फुगून हलकी झाली की गुलगुला आपण होऊन कूस बदलतो, झाऱ्या लावावा लागत नाही.

इतरत्र. केरळात चारच्या चहाबरोबर खाल्ली जाणारी पळंपोरी ही नेंद्रन केळ्याच्या लांब कापांची भजी होय. नेंद्रन व आपले राजेळी ही एकाच गटातील केळी. कुस्करलेल्या केळ्याचे तेथील उदाहरण म्हणजे तांदूळ-गुळाचा उण्णिअप्पम. कोट्टारक्करा येथील गणपतीचा तो प्रसिद्ध नैवेद्य आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांतल्या केळ्याच्या ‘फिलोस’चे नाव पोर्तुगीज आहे, पण पोर्तुगालमधल्या त्या नावाच्या नाताळच्या तळणात केळे नसते. नाव तिकडचे, केळे इकडचे, असे म्हणता येते. बंगालात जन्माष्टमीला ताडाच्या पिकलेल्या फळाच्या गराचे वडे करतात. मंगळूरकडील ‘बन’ केळ्याचेच, परंतु ते दह्यात आंबवून पुरीसारखे लाटतात.

मलेशिया-इंडोनेशियातील ‘पिसांग गोरेंग’ला (तळलेल्या केळ्याला) पिठाचे आवरण पोर्तुगीजांनी १५११ मध्ये दिले, असे वारंवार लिहिले जाते. ते वर्ष मलाक्का जिंकल्याचे आहे, पदार्थाचे नव्हे. तांदळाचे पीठ आणि केळी दोन्ही तेथे आधीपासून होती. त्यामुळे हे श्रेय देण्यास सबळ कारण दिसत नाही.